ऐकून ठेवलेले : नारा ते कामाइशी

सोमवार : हिएदा आणि याकुशिजी

नाराहून रेल्वेने निघाले की पुढचेच स्थानक कोरियामा. तिथून चालत हिएदा गावाला जाता येते. पुण्यातल्या जपानी भाषेच्या वर्गात माझ्याबरोबर शिकलेली आणि आता ओसाकात स्थायिक झालेली माझी मैत्रीण सोबत होती. जपानमध्ये तोंडी परंपरेने टिकलेले ज्ञान आज कोण सांगते, कोण ऐकते आणि ते कशाच्या बळावर टिकून आहे, हे प्रत्यक्ष पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा प्रवास आखला होता. त्याची सुरुवात हिएदाहून करायची, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

हिएदाभोवती मध्ययुगात खणलेला पाण्याचा खंदक अजून शाबूत आहे. गावाच्या कडेला मेता नावाचे शिंतो देवस्थान आहे आणि तिथली देवता म्हणजे हिएदा नो आरे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट तेम्मु याने राजघराण्याच्या वंशावळी आणि जुन्या कथा तपासून त्या मुखोद्गत करण्याची आज्ञा आरेला दिली, तेव्हा आरेचे वय २८ वर्षांचे होते. जे डोळ्यांनी वाचले ते तोंडाने म्हणून दाखवावे आणि जे कानांवर पडले ते कधी विसरू नये, अशी ही व्यक्ती होती, असे ‘कोजिकी’च्या प्रस्तावनेत म्हटले आहे. तेम्मु ६८६ मध्ये वारला आणि काम तसेच राहिले. पुढे ७११ मध्ये सम्राज्ञी गेन्मेईने ओ नो यासुमारो या अधिकाऱ्याला आरेचे पाठांतर लिहून काढण्यास सांगितले आणि ७१२ च्या आरंभी त्याने ‘कोजिकी’ दरबारात सादर केले. जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ लिहायला यासुमारोला चार-पाच महिने पुरले. त्याआधीची पंचवीस वर्षे तो ऐवज आरेने स्मरणात सांभाळला होता, हे मला त्या ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते.

लिहिणाऱ्याचा पुरावा पुढे सापडला. १९७९ मध्ये नाराच्या पूर्वेकडील डोंगरात एका चहाच्या मळ्यात खणताना यासुमारोची कबर लागली आणि तिच्यात त्याचा हुद्दा, राहण्याचा पत्ता व ७२३ मधील मृत्यूची तारीख कोरलेला तांब्याचा पत्रा मिळाला. आरेच्या नावाचा असा पत्रा नाही. ती स्त्री होती की पुरुष, याबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही. मात्र दरवर्षी १६ ऑगस्टला या देवळाच्या अंगणात गावची मुले आरेच्या नावाने नाचतात आणि कथा सांगणारी मंडळी इथे नमस्काराला येतात. आम्ही गेलो त्या सकाळी देवळात आमच्याखेरीज कोणी नव्हते, त्यामुळे मनसोक्त बसता आले.

दुपारी याकुशिजी या बौद्ध देवळात गेलो. इथे दोन मनोरे समोरासमोर उभे आहेत. पूर्वेचा आठव्या शतकातला, लाकूड काळवंडलेले, चुन्याचे पांढरे पट्टे जुने झालेले. पश्चिमेचा १५२८ च्या लढाईत जळाला होता आणि तो १९८१ मध्ये पुन्हा उभा राहिला, म्हणून अजून लाल-हिरवा आहे. तो उभारणारा मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५). नवा मनोरा त्याने जुन्यापेक्षा सुमारे फूटभर उंच ठेवला. लाकूड वजनाने दबते, जोते खचते, आणि काही शतकांनी दोन्ही मनोरे एका उंचीवर येतील, हा त्याचा हिशेब होता. तो हिशेब त्याच्याकडे कुठून आला, हे पाहायला दुसऱ्या दिवशी होर्यूजीला जायचे होते.

मंगळवार : होर्यूजी

होर्यूजीच्या पश्चिम आवारातील इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. मूळ देऊळ ६०७ च्या सुमाराचे. ते ६७० मध्ये जळाले आणि सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्याच्या आरंभी पुन्हा बांधले गेले. पाचमजली मनोऱ्याचा मधला खांब मात्र ५९४ मध्ये तोडलेल्या झाडाचा आहे, हे वर्षवलयांच्या मोजणीतून कळले आहे. देवळाच्या पश्चिमेला निशिसातो नावाची वस्ती आहे. होर्यूजीची देखभाल करणाऱ्या सुतारांची ही वस्ती. निशिओकांचे घराणे याच वस्तीतले.

या सुतारांकडे ‘कुदेन’ होते, म्हणजे मुख्य सुताराने आपल्या वारसाला तोंडी सोपवायची सूत्रे. त्सुनेकाझुला ती आजोबा त्सुनेकिची यांच्याकडून मिळाली. देवदेवतांवर श्रद्धा नसेल त्याने देवळाच्या बांधकामाची गोष्ट काढू नये, असे एक सूत्र. लाकूड विकत घेऊ नका, डोंगर विकत घ्या, असे दुसरे. झाड ज्या दिशेला वाढले त्याच दिशेला ते वापरा, असे तिसरे. मापाने सांधू नका, लाकडाच्या खोडीने सांधा, असे चौथे. आणि लाकडाच्या खोडी जुळवायच्या तर आधी कारागिरांची मने जुळवावी लागतात, असे त्याला जोडून येणारे.

ऐकायला ही सुभाषिते वाटतात, पण मधल्या दाराच्या खांबांपाशी उभे राहिल्यावर ती कामाची सूचनापत्रे आहेत हे कळते. दक्षिणेकडच्या खांबांवर गाठीच गाठी दिसतात. डोंगराच्या उन्हाच्या अंगाला वाढलेल्या झाडाला दक्षिणेकडे फांद्या जास्त फुटतात, आणि फांदी जिथे फुटली तिथे गाठ राहते. असे झाड इमारतीतही दक्षिणेलाच उभे केले तर ते ऊन-पाऊस सोसते, कारण ते त्यातच वाढलेले असते. गाठी दिसू नयेत म्हणून खांब फिरवून लावण्याचा मोह त्या काळच्या सुतारांना झाला नाही. डोंगर विकत घ्या, या सूत्राचे कारणही इथेच आहे : एकाच डोंगराच्या माथ्यावरचे, उतारावरचे आणि खोऱ्यातले झाड वेगवेगळ्या स्वभावाचे असते, आणि वखारीतल्या ओंडक्यावरून ते समजत नाही. डावीकडे पीळ असलेल्या लाकडाशी उजवीकडे पीळ असलेले लाकूड जोडले तर दोघे एकमेकांना आवळून धरतात. एकाच पिळाची सगळी लाकडे एकत्र आली तर इमारत हळूहळू त्या अंगाला वळते. आम्ही तिथे दीड-दोन तास खांबामागून खांब पाहत होतो, आणि मैत्रीण प्रत्येक खांबाची दक्षिण बाजू आधी शोधत होती.

त्सुनेकाझुच्या वडिलांच्या मनात मुलाला तांत्रिक शाळेत घालायचे होते. आजोबांनी हट्टाने त्याला शेतकी शाळेत पाठवले. झाड मातीतून येते, तेव्हा माती न कळलेल्या माणसाला लाकूड काय कळणार, असे त्यांचे म्हणणे होते. १९३४ मध्ये होर्यूजीची प्रचंड दुरुस्ती सुरू झाली, एकेक इमारत उकलून पुन्हा जोडली गेली, आणि त्या कामात त्सुनेकाझुला तेराशे वर्षांपूर्वीच्या सुतारांच्या हातचे काम आतून पाहायला मिळाले. ऐकलेली सूत्रे त्याने तिथे लाकडावर ताडून पाहिली. वापरातून गेलेला भाल्यासारखा जुना रंधाही त्याने पुन्हा घडवून घेतला.

त्याच्या मुलांनी हा व्यवसाय पत्करला नाही. घराण्याबाहेरच्या ओगावा मित्सुओ या तरुणाला त्याने शिष्य केले आणि जे एका वारसापुरते राखायचे ते पुढे सगळ्या जगाला सांगून टाकले. गुपित फोडल्याबद्दल त्याला दोष देता येईल असे मला वाटत नाही, कारण ऐकणारा वारस उरला नाही तर राखलेले गुपित सांगणाऱ्याबरोबरच संपते. ओगावाला त्याने पहिल्या वर्षी वर्तमानपत्र, रेडिओ, दूरदर्शन सगळे बंद करून फक्त हत्यारांना धार लावायला सांगितले. एक दिवस त्याने रंध्याने लाकडाची एक पातळ साल काढून दाखवली आणि साल अशी निघाली पाहिजे, एवढेच म्हणाला. ओगावाने ती खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि तशी साल निघेपर्यंत तो धार लावत राहिला. कुदेन शिकवण्याची रीत मला या प्रसंगातून सर्वांत स्पष्ट कळली. सूत्र चार शब्दांचे असते आणि उरलेले सगळे हाताने शिकायचे असते. म्हणूनच ते कागदावर उतरवले तरी पुरे होत नाही.

बुधवार : इसे

नाराहून खाजगी रेल्वेने इसेला पोचायला अडीच-तीन तास लागले. इसेच्या थोर शिंतो देवस्थानात दर वीस वर्षांनी मुख्य मंदिरे शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधतात आणि देवतेचे स्थलांतर करतात. पहिले स्थलांतर ६९० मध्ये झाले, बासष्टावे २०१३ मध्ये, आणि २०३३ मधील त्रेसष्टाव्याचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले. हिनोकी या सूचिपर्णी वृक्षाची सुमारे दहा हजार झाडे त्यासाठी लागतात. आतील मंदिर चार कुंपणांच्या आत असल्यामुळे यात्रेकरूला गवताच्या छपराचा वरचा भाग आणि शिखरावरच्या आडव्या ओंडक्यांची टोकेच दिसतात. आम्हाला जास्त काही सांगून गेली ती शेजारची रिकामी जागा : पांढऱ्या गोट्यांचे अंगण आणि मधोमध एक लहानसे लाकडी छप्पर.

वीस वर्षांचे अंतर फार विचाराने ठेवलेले दिसते. उमेदवार म्हणून विशीत हात लावलेला सुतार चाळिशीत मुख्य जबाबदारी घेतो आणि साठीत पुढच्यांना सांगायला उभा राहतो. आराखडे आणि नोंदवह्या इसेत शतकानुशतके आहेतच, पण यादवी युद्धांच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास ही साखळी तुटली होती आणि ती परत जोडताना कागदांइतकेच कष्ट माणसे जोडायला पडले. मंदिराचे उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिरांचे आढे पेलणारे खांब उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरण-दारांसाठी वापरले जातात.

मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंची मुलगी ओंडके ओढण्याच्या मिरवणुकीतली गाणी शिकत होती. नदीतून आणि रस्त्यांवरून देवळाचे लाकूड गावकऱ्यांनी दोरांनी ओढत नेण्याची इथे प्रथा आहे, आणि दोर एका वेळी ओढला जावा म्हणून एक जण गाण्याची ओळ उचलतो व बाकीचे साथ देतात. या गाण्यांचे पुस्तक आहे का, असे मैत्रिणीने विचारले. पुस्तक आहे, पण श्वास कुठे तोडायचा ते काका समोर बसून सांगतात, असे मुलीने सांगितले.

इसेच्या यात्रेचा इतिहास तोंडोतोंडी पसरलेल्या बातमीचाही इतिहास आहे. १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षी आकाशातून देवाचे ताईत पडल्याची वार्ता उठली आणि लाखो माणसे घरदार, मालक, हातातले काम सोडून इसेच्या वाटेला लागली. १८३० मध्ये चाळीस लाखांहून अधिक लोक आल्याचे मानले जाते, तेव्हा देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती. हातात एक लाकडी पळी असली की वाटेवरची गावे यात्रेकरूला जेवण आणि निवारा देत. आज खाणावळीची ख्याती एकाकडून दुसऱ्याकडे जाते तिला जपानी लोक ‘कुचिकोमी’ म्हणतात. त्या काळी अशाच बातमीने साऱ्या देशाला चालते केले होते.

गुरुवार : प्रवास

हा दिवस रेल्वेतच गेला. इसेहून नागोया, तिथून तोक्यो, मग ईशान्येकडची बुलेट ट्रेन आणि शिन-हानामाकीला कामाइशी मार्गावरची छोटी डिझेल गाडी. तोनोला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि थंडी पुष्कळच वाढली होती.

शुक्रवार : तोनो

चहूबाजूंनी डोंगर असलेले हे खोरे एका पुस्तकामुळे जपानभर माहीत झाले. तोनोजवळच्या त्सुचिबुची गावचा सासाकी किझेन (१८८६–१९३३) हा तरुण तोक्योत शिकत असताना आपल्या गावच्या गोष्टी यानागिता कुनिओ (१८७५–१९६२) यांना सांगू लागला, आणि त्यांतून १९१० मध्ये ११९ लहान-लहान कथनांचे ‘तोनो मोनोगातारी’ प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या ३५० प्रती छापल्या होत्या. किझेन बोलण्यात पटाईत नसला तरी प्रामाणिक माणूस आहे, असे यानागितांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया या पुस्तकाने घातला हे खरे, पण किझेनने आपल्या बोलीत सांगितलेल्या गोष्टी यानागितांनी प्राचीन वळणाच्या साहित्यिक भाषेत बसवल्या हेही तितकेच खरे. पुस्तकातली वाक्ये देखणी आहेत. किझेनचा आवाज मात्र त्यांत नाही. किझेनने नंतर स्वतः आयुष्यभर कथा गोळा केल्या, कर्जबाजारी झाला आणि सेंदाईत वारला. त्याचे नाव यानागितांच्या बरोबरीने घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

देन्शोएन या जागी काटकोनात वळलेले जुने शेतकरी घर जपले आहे. माणसे आणि घोडे एकाच छपराखाली राहत. घराच्या मागच्या बाजूला एका खोलीत चारही भिंतींवर ओशिरासामा या घरगुती देवतेच्या हजारभर मूर्ती मांडल्या आहेत : तुतीच्या लाकडाची वीतभर-हातभर काठी, तिच्या टोकाला एकीवर घोड्याचे आणि दुसरीवर मुलीचे मुख, आणि अंगावर कापडाचे थरावर थर. येणारे लोक कापडाच्या तुकड्यावर आपली इच्छा लिहून तो मूर्तीला नेसवतात. आम्ही जवळून पाहिले तेव्हा सर्वांत आतल्या थरांचा रंग ओळखू येत नव्हता आणि वरच्या लाल-निळ्या तुकड्यांवर परीक्षा, आजारपण, बाळंतपण अशी कालपरवाची अक्षरे होती.

या मूर्तींमागची कथा संध्याकाळी कथागृहात ऐकायला मिळाली. सांगणाऱ्या आजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. अशा सांगणाऱ्यांना ‘कातारिबे’ म्हणतात. प्राचीन दरबारात पूर्वकथा म्हणून दाखवणाऱ्या मंडळींचेही हेच नाव होते. आजींनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि ‘मुकाशी, आत्ता झु मोना’ अशी सुरुवात केली. शेतकऱ्याच्या मुलीचे घरच्या घोड्यावर प्रेम बसते. बाप घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारतो आणि त्याचे मुंडके तोडतो. मुलगी त्या मुंडक्याला बिलगते आणि दोघे आकाशात निघून जातात. पुढे ती आईबापांच्या स्वप्नात येऊन सांगते की अंगणातल्या उखळात घोड्याच्या तोंडाचे किडे सापडतील, त्यांना तुतीचा पाला घाला. ते रेशमाचे किडे. आजींची बोली इतकी जाड होती की शेजारी बसलेल्या तोक्योच्या दांपत्यालाही अर्धेच कळत होते, तरी किडे सापडल्याच्या जागी सगळ्यांनी मिळून एकदम श्वास सोडला. शेवटी ‘दोंदोहारे’ म्हणून आजींनी मान लववली. ‘आटपाट नगर होते’ने दार उघडावे आणि ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ने ते लावून घ्यावे, तसेच हे.

आजींनी ही गोष्ट पुस्तकातून घेतली की घरातून, असे मी विचारले. आजीकडून ऐकली होती, पण मधे चाळीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती, म्हणून अर्धी विसरले होते, असे त्या म्हणाल्या. गावात पाहुण्यांना कथा सांगण्याची रीत पडल्यावर त्यांनी इतर म्हाताऱ्यांकडून ऐकून ती पुरी केली. तोनोच्या नामवंत कथनकार सुझुकी सात्सु यांनीही आपल्या गोष्टी वडिलांकडून घेतल्या होत्या. पर्यटकांसाठी चाललेल्या कथनाला काही अभ्यासक नाके मुरडतात. मला त्यांचे पटत नाही. शेकोटीभोवतीचे घर मोडले, हिवाळ्याच्या रात्री दूरदर्शनने घेतल्या, अशा वेळी ऐकणारा दुरून का होईना पण समोर येऊन बसतो, म्हणून त्या आजींना विसरलेली अर्धी गोष्ट परत मिळवावीशी वाटली.

शनिवार : कामाइशी आणि उनोसुमाई

‘तोनो मोनोगातारी’तले नव्व्याण्णवावे कथन डोंगराआडच्या समुद्राचे आहे. तोनोकडचा फुकुजी नावाचा माणूस किनाऱ्यावरच्या तानोहामा गावी घरजावई म्हणून गेलेला असतो. लाटेत त्याची बायको आणि एक मूल जाते. वर्षभराने धुक्याच्या चांदण्या रात्री समुद्रकाठी त्याला बायको दिसते, आणि तिच्याबरोबर लग्नाआधी तिच्या मनात असलेला, त्याच लाटेत गेलेला पुरुष असतो. ती लाट म्हणजे १५ जून १८९६ ची त्सुनामी, जिने सानरिकु किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे नेली. हे कथन वाचून आम्ही सकाळच्या गाडीने डोंगर ओलांडला आणि कामाइशीला गाडी बदलून उनोसुमाईला उतरलो.

या किनाऱ्यावर तोंडी चालत आलेला एक बोल आहे : ‘त्सुनामी तेन्देन्को’. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापले उंचावर पळावे, कोणी कोणाची वाट पाहू नये. हा बोल देशभर पोचवला तो यामाशिता फुमिओ (१९२४–२०११) यांनी. १९३३ च्या त्सुनामीच्या रात्री त्यांचे वडील लहान फुमिओला मागे टाकून एकटे पळाले. आईने पुढे त्याबद्दल बोल लावला तेव्हा ‘तेन्देन्कोच ना!’ असे वडिलांनी उत्तर दिले. १८९६ च्या लाटेत त्या वडिलांची स्वतःची आई गेली होती. ऐकताना निष्ठुर वाटणारा हा बोल घराघरांत आधी ठरवून ठेवायचा करार आहे : तू पळशील याची मला खात्री आहे, म्हणून मी तुला शोधायला उलट फिरणार नाही.

स्थानकासमोरच्या स्मृतिसंग्रहालयात आमच्याबरोबर फिरलेल्या मार्गदर्शक बाई ११ मार्च २०११ ला, म्हणजे भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा, इथल्या माध्यमिक शाळेत शिकत होत्या. धोक्याच्या नकाशात त्यांची शाळा सुरक्षित भागात दाखवलेली होती. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक कातादा तोशिताका काही वर्षे कामाइशीच्या शाळांत येऊन नकाशावर विसंबू नका, शक्य ते सगळे करा आणि सर्वांत आधी तुम्ही पळा, असे शिकवत होते. धक्का थांबताच माध्यमिक शाळेची मुले पळाली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले उतरली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या पहिल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला म्हणून ती आणखी वर गेली, आणि तिथूनही आणखी वर. दोन्ही शाळांची जवळजवळ सहाशे मुले वाचली. त्याच गावात आपत्ती-निवारण केंद्राच्या इमारतीत शंभराहून अधिक माणसे गेली. ती जागा त्सुनामीसाठी नव्हती, पण सरावाच्या वेळी सोय म्हणून लोकांना तिथे जमवले जात असे, आणि त्या दिवशी ते सवयीने तिथेच जमले. चुकीचा सरावही तोंडोतोंडीच पसरतो, हे त्या बाईंनी आवाज न चढवता, पण आमच्याकडे थेट पाहून सांगितले.

मग त्यांनी आम्हाला मुलांची ती वाट चालवली. शाळांच्या जागी आज मैदान आहे, तिथे २०१९ मध्ये रग्बीच्या विश्वचषकाचा सामना झाला. तिथून खिंडीपर्यंत साधारण दीड किलोमीटर चढ आहे. चालताना त्या प्रत्येक वळणावर थांबत आणि त्या क्षणी कोण काय म्हणाले तेवढेच सांगत. आकडे त्यांनी संग्रहालयातच आटोपले होते. रोज तेच सांगताना ते दुखत नाही का, असे मैत्रिणीने विचारले. दुखते, पण आता शाळेत असलेल्या मुलांतील कोणीच ती लाट पाहिलेली नाही, असे त्या म्हणाल्या. शहरात सांगणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू झाले आहे आणि पुढच्या आठवड्यात दोन शाळकरी मुली त्यांच्याकडे येणार होत्या. त्या दोघींना पाठ करायला काहीही द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. आधी त्यांना ही वाट चालवायची, आपण ऐकवायचे, आणि दुसऱ्यांदा त्यांनी चालता चालता आपल्याला ऐकवायचे.